मांजर पूर्ण शाकाहारी ठेवता येतं का? आमच्या गोट्याचा अनुभव

तुम्ही लिहिलंय की घरात अंडंसुद्धा चालत नाही, पिल्लू चार महिन्यांचं आहे, आणि दूध-पोळी, पनीर यांवर ते वाढेल का. नीट नाही वाढणार.

आम्ही हेच करून बसलोय. आमचंही घर शाकाहारी. आजोळची मांजरं ताकभात खाऊन म्हातारी झालेली आईने पाहिलेली, म्हणून फ्लॅटमधल्या गोट्यालाही तेच. दीड वर्षाचा असताना एक दिवस तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसायला लागला. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नसेल. संध्याकाळी ओरडायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे पळालो. लघवी तुंबली होती. नळी घालावी लागली, तीन दिवस सलाइन. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खायला काय घालता?" मांस खाणाऱ्या मांजराची लघवी आम्लधर्मी राहते. धान्यावर ती अल्कधर्मी होते आणि तिच्यात खडे धरू शकतात. बोक्याचा मूत्रमार्ग इतका अरुंद की वाळूएवढा कणही पुरतो. तुमचा बोका असेल आणि थेंब थेंब करायला लागला, तर सकाळची वाट बघू नका.

मग आजोळची मांजरं कशी जगली? ताकभात ती आपल्यासमोर खायची. कणगीमागचे उंदीर आणि माळ्यावरच्या पाली आपल्यामागे. उंदीर म्हणजे मांजराचं वाढलेलं ताट, त्यात सगळं आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला ते ताट मिळत नाही.

त्या ताटातली मुख्य गोष्ट म्हणजे टॉरिन, मांसात असणारं एक अमिनो आम्ल. आपलं शरीर ते बनवतं, मांजराचं पुरेसं बनवत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. पनीरनेही भागत नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे 1975 मध्ये लक्षात आलं. हृदय फुगून कमजोर होतं, हे 1987 मध्ये. हृदय टॉरिन दिल्यावर बरंचसं सावरतं, गेलेली नजर येत नाही. आणि हे सगळं महिनोन्‌महिने गुपचूप चालतं, मांजर वरून गुबगुबीत दिसतं. गाजर-भोपळ्याचाही उपयोग नाही, कारण त्यातल्या बीटा-कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व मांजराला करता येत नाही. (त्याला गोड चवही कळत नाही. श्रीखंडाची वाटी चाटतं ते साखरेसाठी नव्हे.)

परदेशात मांजरांसाठी व्हीगन खाद्य मिळतं, त्यात कारखान्यात बनवलेलं टॉरिन घातलेलं असतं. तसं ते मांसाच्या पॅकेटातही वरून घालतातच, त्यामुळे कल्पना अगदीच वेडगळ नाही. त्यावर मांजरं ठणठणीत असल्याच्या पाहण्याही आहेत, पण त्यांत मुख्यतः मालकांनाच विचारलेलं आहे. आमचा गोट्याही आदल्या दिवसापर्यंत आमच्या मते ठणठणीतच होता. वाढत्या पिल्लावर मी तो प्रयोग करणार नाही. आणि कुत्र्यांचं शाकाहारी खाद्य तर मांजराला मुळीच नको.

घरात भांडण नको असेल तर मांजराच्या पिल्लांसाठीचं, संपूर्ण आहार असं लिहिलेलं पॅकेट आणा. शिजवायचं नाही, स्वयंपाकघरात न्यायचं नाही. पाणी मात्र भरपूर ठेवा, कोरड्या दाण्यांत ते नसतंच. कुणी शेजारी मासे उकडून देत असतील तर उकडलेलं पाणीही मागून घ्या, टॉरिन त्यात उतरतं. फक्त कांदा-लसूण नसावा.

आमच्याकडे डबा बाल्कनीत, ताटली वेगळी, घासणीसुद्धा वेगळी. पहिला महिनाभर आई दार लावून आत बसायची. आता सात वाजले की तीच मला हाक मारते, "अरे, त्याचं जेवण राहिलंय."