नवीन पक्षी बघायला लागलेल्या भावासाठी
भावा, पहिल्याच झटक्यात कॅमेऱ्यावर पैसे घालू नकोस, ८ बाय ४२ ची (म्हंजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण बास झाली, तीबी आधी कुणाची तरी मागून बघ. मार्चमध्ये थंडीतले पाहुणे पक्षी परतीला लागतात, तवा सकाळी ७ च्या आत कोल्हापुरात रंकाळा तलावावर नायतर शिवाजी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसात पोच, आणि उगं फिरत बसू नकोस, एक फुललेली सावर किंवा पळस धर आणि तिथंच अर्धा तास गप उभा रहा. भोरड्या (गुलाबी मैना) थव्यानं येतात, डोकं काळं, पाठ फिक्कट गुलाबी, अन् कालवा असा की मास्तर नसलेला वर्गच! ह्याच पुढं मध्य आशियाकडं जाणार. मी पहिल्या वर्षी फोटोच्या नादात नुसत्या शेपट्याच गोळा केल्या. आधी डोळ्यानं बघ, वहीत लिही, मग मोबाईल काढ. आणि भडक शर्ट नको.