पहिली ट्रॉली

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात आमची चार एकर शेती आहे. मुलगा १९ वर्षांचा, कृषी पदविकेला. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची एक ट्रॉली मी एकटा लासलगावला लिलावाला नेतो म्हणतो. ह्यांचं म्हणणं, व्यापारी पोराला गुंडाळतील. एरवी ट्रॅक्टर तोच चालवतो, कांदाही तोच निवडतो. मी काय करू?
– एक आई

उत्तर : ट्रॅक्टर तो चालवतो, कांदा तो निवडतो. म्हणजे त्याचे कष्ट चालतात, त्याचा शब्द चालत नाही. हे मला खटकलं. ट्रॉली त्यालाच नेऊ द्या.

मी वीस वर्षांची होते तेव्हा वडील तापाने अंथरुणाला खिळले आणि कांदा विकायला मला जावं लागलं. ट्रॅक्टरवर चुलतभाऊ, व्यवहार माझ्याकडे. लिलावात भाव बरा निघाला, भुईकाट्यावर वजन झालं. खळ्यावर, म्हणजे व्यापारी माल उतरवून घेतो तिथे, ट्रॉली निम्मी रिकामी झाली आणि व्यापाऱ्याच्या माणसाने हात वर केला. वर गोल कांदा, खाली गोल्टी, म्हणजे बारका कांदा, आणि काजळी (काळी बुरशी) धरलेला माल. निवड घाईत उरकली होती, तीही मीच. वांधा पडला, म्हणजे मालावरून तक्रार निघाली. "क्विंटलमागे तीस रुपये कमी घ्या." विचारायला घरी फोन नव्हता. मी उरलेल्या मालातल्या पाट्या भरून भरून त्याच्यासमोर ओतल्या, चांगला किती आणि खराब किती ते दाखवलं. पंधरावर तुटलं. घरी वडिलांनी विक्रीची हिशोबपट्टी वाचली आणि एवढंच विचारलं, "गोल्टी कुठल्या बाजूची होती?" पुढच्या खेपेला मी रात्री बल्ब लावून स्वतःहून निवडायला बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दादांची, म्हणजे तुमच्या यजमानांची, भीती खोटी नाही, पण ती वेगळ्या जागी हवी. लिलाव चारचौघांत होतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. पोरं अडखळतात ती पुढे, खळ्यावर. तेव्हा दादांनी त्याला तेवढं शिकवावं : ट्रॉली भरताना वरखाली एकसारखा माल कसा ठेवायचा, वांधा पडला तर हुज्जत न घालता बाजार समितीच्या माणसाला कसं बोलवायचं, हिशोबपट्टीवर कपात दिसली तर ती कशाची हे तिथेच कसं विचारायचं. इतक्या वर्षांचा अनुभव दादांकडे आहे, तो द्यायची हीच वेळ.

आणि भाव नाकारायचा अधिकार त्याला खरोखर द्या. "इतक्याच्या खाली देऊ नकोस" असं बजावून पाठवलंत तर तो नुसता निरोप्या होईल. आदल्या दिवशीचे भाव बापलेकांनी मिळून बघावेत, नंतर निर्णय त्याचा. १९८९ पासून आपल्या देशात अठराव्या वर्षी मतदान करता येतं. सरकार निवडणाऱ्या पोराला वीस क्विंटल कांद्याचा भाव ठरवू द्यायला काय हरकत आहे?

एका गोष्टीत मात्र सूट नको. वाहन परवाना खिशात हवा आणि ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवेत. लिलावाला पहाटेच निघावं लागतं आणि त्या अंधारात रस्त्यावरची ट्रॉली मागच्याला दिसत नाही.

सुरुवात एकाच ट्रॉलीने करा, सगळी चाळ नको. त्या दिवशी दादांना मळ्यात कामाला लावा आणि त्यांचा फोन तुमच्याजवळ ठेवा. पट्टी आली की घरच्या वहीत ती मुलानेच उतरवावी, भाव कमी मिळाला असला तरी.