1972 ची फोक्सवॅगन कॅम्पर, 1600 इंजिन: वेबर कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) घेऊ की मूळचा सोलेक्सच ठेवू?

माझं मत विचाराल तर सोलेक्स 34 पिक्ट-3 च ठेवा. मधोमध बसणारा मोठा वेबर दिसायला भारी, पण पेट्रोल त्या लांबलचक नळीतून जाताना थंडीत नळी गार पडते आणि गाडी अडखळते. ट्विन कार्ब, म्हणजे दोन कार्ब, छान पळतात, फक्त दोन्ही एकसारखे हवा ओढतायत ना हे सारखं बघत बसावं लागतं, आणि लिंकेज (दोन्ही कार्ब एकत्र उघडणारी दांडी) सैल झालं की बोंबला.

सोलेक्स ट्यून करायचा तर आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हमधली फट (थंड इंजिनवर 0.15 मिमी), आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच असतो आणि लोक उगाच कार्ब खोलतात. मग इंजिन पूर्ण गरम करा, चोक (थंडीत हवा अडवणारी झडप) उघडलेला हवा. कार्बच्या डाव्या बाजूला दोन स्क्रू आहेत, मोठा बायपासचा (आयडलची हवा कमी-जास्त करणारा), छोटा मिक्स्चरचा. छोटा हलक्या हाताने पूर्ण आत, मग अडीच फेरे बाहेर. मोठ्याने आयडल (पाय न देता इंजिन चालतं तो वेग) साधारण 850 आरपीएमला आणा, आता छोटा फिरवून आरपीएम जिथे सगळ्यात जास्त होतो तिथे थांबा, मग अगदी किंचित आत, 20-30 उतरेल एवढाच, आणि परत मोठ्याने 850. थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) स्टॉप स्क्रूने आयडल वाढवायचं नाही हां, सगळे तिथेच चुकतात, मग पाय दिला की गाडी गचकते.

तरी आयडल स्थिर नसेल तर थ्रॉटल शाफ्ट (त्या झडपेची दांडी) हाताने हलवून बघा, खडखडला तर बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती कडी, गेलाय, तिथून हवा शिरते, कितीही ट्यून करा उपयोग नाही.