वाचकांचे प्रश्न : पालिकेचं टेंडर आणि वस्तीचा फायदा

प्रश्न : कळव्यात आमचा बारा जणींचा शिवणकामाचा बचत गट आहे. कापडी पिशव्यांचं टेंडर पाहिलं, तर उलाढाल आणि अनुभवाच्या अटीतच आम्ही बाद. उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघू उद्योग म्हणून केंद्राकडे केलेल्या नोंदणीचा, काहीच उपयोग नाही का?

उत्तर : सूक्ष्म व लघू उद्योगांकडून 25 टक्के खरेदी, त्यात महिलांच्या उद्योगांसाठी 3 टक्के, हे धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या सरकारी कंपन्यांसाठी आहे. महापालिकेला ते आपोआप लागू होत नाही. बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) माफ आहे का, हे त्या-त्या टेंडरमध्येच पाहावं लागतं. माफी असूनही उद्यमचं प्रमाणपत्र तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे ऑनलाइन बोलीतल्या पात्रतेच्या कागदपत्रांत, अपलोड करायचं राहिलं, तर दराचा लिफाफा उघडतच नाही.

खरी अडचण टेंडरच्या आकाराची. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या परिपत्रकातला नमुना कार्यालयं सर्रास उचलतात. तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या 30 टक्के. शिवाय तशाच प्रकारची 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक काम. टेंडर 40 लाखांचं धरा. उलाढाल 12 लाख आणि 16-16 लाखांची तीन कामं बारा जणी कुठून आणणार? तेच टेंडर आठ लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळी बोली लावता येईल अशा आठ भागांत, निघालं, तर 5 लाखांच्या लॉटला उलाढाल दीड लाख आणि दोन-दोन लाखांची तीन कामं पुरतात. ई-टेंडर टाळायला वेगवेगळ्या फायली केल्या की लेखापरीक्षक ‘तुकडे पाडले’ म्हणतात. लॉटमध्ये मात्र टेंडर एकच राहतं. सोबत ‘एका बोलीदाराला जास्तीत जास्त दोन लॉट’ ही अट हवीच, नाहीतर आठही लॉट एकाच पुरवठादाराच्या घरात जातात. अधिकाऱ्यांना लॉट आवडत नाहीत, कारण करारनामे आठ आणि माल तपासणीही आठ वेळा. तक्रार रास्त आहे, तेवढं काम वाढतंच.

लॉटची मागणी प्री-बिड बैठकीआधी (बोली भरण्यापूर्वी शंका विचारायची बैठक) लेखी द्या. मान्य झाली तर महाटेंडर्स पोर्टलवर शुद्धिपत्रक येतं. त्यासोबत दरपत्रकाची फाईल बदलली असेल, तर जुन्या फाईलीत भरलेले दर बाद होतात. शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून बघा.

प्रश्न : घणसोलीत उद्यान देखभालीच्या करारात ‘स्थानिकांना प्राधान्य’ लिहिलं होतं. एकही स्थानिक नाही, तरी बिलं निघतात. असं का?

उत्तर : ‘प्राधान्य’ मोजता येत नाही, म्हणून बिल अडवताही येत नाही. ‘फक्त याच प्रभागाचे रहिवासी’ असं लिहिलं, तर ते न्यायालयात टिकणं अवघड. त्यापेक्षा असं लिहावं : कार्यादेशानंतर 30 दिवसांत सहा प्रशिक्षणार्थी माळी, प्रत्येकी 120 तास शिक्षण, जागांची सूचना प्रभाग कार्यालयात सात दिवस, आणि पूर्तता नसेल तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे महिन्याला ठरावीक कपात. या सहा जणांची मजुरी दरपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून हवी. ती नसली की जो हा खर्च धरतच नाही त्याचा दर सर्वांत कमी येतो, काम त्यालाच मिळतं आणि पुढे अट कागदावरच राहते. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

तपासणी बिलासोबतच करावी. भविष्यनिर्वाह निधीचं नुसतं चलन पुरत नाही. ठेकेदार चार ठिकाणच्या कामगारांचं मिळून एकच चलन जोडतो आणि आकडा भरलेला दिसतो. ईसीआरमधले (चलनामागची कामगारवार यादी) यूएएन क्रमांक (प्रत्येक कामगाराचा निधी खाते क्रमांक) त्याच बागेच्या हजेरीपटाशी नावानिशी जुळवा, मजुरी बँक खात्यात गेल्याचा उतारा घ्या. ठेकेदाराने मजुरी थकवली तर मुख्य नियोक्ता म्हणून पालिकेलाच ती द्यावी लागते आणि मग त्याच्याकडून वसूल करावी लागते. त्यामुळे ही तपासणी पालिकेच्याही सोयीची आहे. झालेल्या करारातली कागदपत्रं माहिती अधिकारात मागता येतात. हजेरीपट आणि ईसीआर एकाच महिन्याचे मागा.

प्रश्न : परदेशात स्थानिकांच्या फायद्याच्या अशा अटी कायद्यानेच घालतात, खरं का?

उत्तर : स्कॉटलंडमध्ये 2014 च्या खरेदी कायद्यानुसार 40 लाख पौंड किंवा त्याहून मोठ्या कंत्राटात स्थानिक समाजाच्या फायद्याची अट घालायची का, याचा विचार करावाच लागतो, घालायची नसेल तर कारण निविदा सूचनेत द्यावं लागतं. आपल्याकडे तसं बंधन नाही. पण टेंडरच्या मंजुरी टिपणीत ‘अट घातली नाही, कारण…’ हा रकाना ठेवायला ठाणे किंवा नवी मुंबई पालिकेला नवा कायदा लागत नाही.