तपासणीच्या दिवशी हात बरे होते

प्रश्न : ताई, मला बऱ्याच वर्षांपासून संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. तपासणी दुपारी होती, हात त्यातल्या त्यात बरे होते. "बटणं लावता येतात का?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं. बाकीच्या प्रश्नांनाही "जमतं" म्हणत गेले. अर्ज नामंजूर झाला. आता फेरविचारासाठी लिहायचंय. बहीण म्हणते, थोडं वाढवून सांग. मला खोटं बोलायचं नाही आणि रडगाणंही गायचं नाही. काय करू?

उत्तर : वाढवून अजिबात सांगू नका. पण तुमचं "हो" हेही पुरतं खरं नव्हतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी म्हणून, मी अशा अर्जांवर लोकांसोबत बसते. खोटं बोलणारे क्वचित भेटतात, कमी सांगणारे सतत.

तुमच्या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, सुटायला तासभर किंवा जास्तही लागतो. हालचालीने बोटं मोकळी होतात. तपासणाऱ्याने पाहिले ते मोकळे झालेले हात. सकाळचे हात तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचे कसे? म्हणून असं लिहा : "आठवड्यातून 4-5 दिवस सकाळी बटणं दुसऱ्या कुणीतरी लावावी लागतात. दुपारी मी लावते, पण 10 मिनिटं लागतात आणि नंतर अंगठा ठणकतो. काही दिवस विनात्रास लावते." आकडे अर्थातच तुमचे घाला. आणि ते शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यामुळेच बाकीच्यांवर विश्वास बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची व्होडास 2.0 ही अपंगत्व मोजणारी प्रश्नावली मागच्या 30 दिवसांबद्दल विचारते, चांगले आणि वाईट दिवस दोन्ही धरून. एका दुपारवरून अपंगत्व कळत नाही, हे मोजणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आजपासून वहीत रोज दोन ओळी लिहा, बऱ्या दिवशीसुद्धा.

काही गोष्टी तुमच्या लक्षातही येणार नाहीत. बाटलीचं झाकण कोण उघडतं? ओले कपडे पिळणं कधी सुटलं? घरच्यांनी न बोलता उचललेली कामं आपल्याला जमतात असंच वाटत राहतं. बहिणीला इथे कामाला लावा : वाढवायला नाही, आठवायला.

डॉक्टरांच्या फाईलमध्ये सुजलेले सांधे आणि रक्ताचे रिपोर्ट असतील. नळ फिरवता येत नाही हे बहुधा नसेल, कारण तिथेही आपण "बरं आहे" म्हणतो. पुढच्या भेटीत सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा.

रडगाण्याचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, कलम 28 मध्ये, सामाजिक संरक्षण हा हक्क मानलेला आहे. तुम्ही दया मागत नाही आहात. आपली परिस्थिती नीट मांडणं हे अर्जदाराचं कामच आहे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही.

आधीचं "हो" लपवू नका. "त्या दुपारी बटणं लावता आली असती, सकाळचं मी सांगितलं नाही," असं सरळ लिहा. मुदत मात्र आजच पाहा, फेरविचाराला सहसा ठरावीक दिवसच मिळतात. वही भरायची वाट पाहू नका. अर्ज आधी द्या आणि नोंदी मागाहून जोडता येतील का, ते विचारून घ्या.