मोबाईलवरचा अभ्यास : सही करण्याआधी विचारा

प्रश्न : बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड साध्या कॅमेऱ्याने उघडत नाही. (जालना)
उत्तर : दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपमधून स्कॅन करा. ॲप मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो. मोबाईलवर पोराची शाळा भागेल का? (केज)
उत्तर : नाही. दीक्षावरचे पाठ गावातच डाउनलोड करून ठेवले तर रेंज नसतानाही दिसतात, पण ते उजळणीपुरते. टोळी ठरली की लगेच मुख्याध्यापकांना भेटा. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय होते का विचारा. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते तिकडच्या शाळेत दाखवता येतं. तिकडे जाऊन कोपी (राहायची झोपडी) बांधून झाल्यावर फोन करू नका. तोवर पोराचे दिवस बुडालेले असतात.

प्रश्न : नीटच्या ॲपवाल्यांनी घरी येऊन फुकट डेमो दिला. आता 'फक्त सही आणि ओटीपी द्या, फी हप्त्याने' म्हणतात. शेजाऱ्यांनीही घेतलंय. (लातूर)
उत्तर : शेजाऱ्यांनी घेतलं हे कारणच नव्हे. नीट ऐका : त्यांच्या तोंडी जो 'हप्ता' आहे, तो बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पैसे देणारी वित्तसंस्था वेगळी, शिकवणारी कंपनी वेगळी. मुलीने चार दिवसांत ॲप उघडणं सोडलं तरी खात्यातून हप्ता कापला जातोच, आणि थकला तर उद्या पीककर्ज मागताना सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आडवं येतं. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे असे गेलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगते, ओटीपी देऊ नका. कर्ज कोणाचं, व्याजासह एकूण किती, हे लिहून मागा. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मुदत कागदावर शोधा. तो कागद बँकेतल्या माणसाला आणि मुलीच्या शिक्षकांना दाखवा. सही झालीच असेल तर आजच ग्राहक हेल्पलाईन 1915 ला फोन करा. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाला मोबाईलवर बाराखडी शिकवावी का? (हिंगोली)
उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेनुसार या वयाला दिवसाला 1 तासाहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा. बाराखडी तुम्ही म्हणून दाखवा. डोळे चोळत असेल तर डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : आयटीआयला वीजतंत्री करतोय. व्हिडिओ बघून वायंडिंग येईल का? (परभणी)
उत्तर : बघून कळेल, येणार नाही. भारत स्किल्स या आयटीआयसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचं साहित्य वाचा, हात मात्र शिल्पनिदेशकांसमोरच चालवा. चालू लाईनवर व्हिडिओ बघत प्रयोग अजिबात नको.