फेरिटिन वाढलं म्हणून रक्त चढवणं लांबवू नका

तुमच्या साडेचार वर्षांच्या थॅलेसेमियाच्या मुलाचं फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 2400 आलंय, जास्तीचं लोह बाहेर काढणारी, पाण्यात विरघळवायची डेफेरासिरॉक्सची गोळी तो निम्मीच पितो, आणि घरात सल्ला मिळतोय की रक्तामुळेच लोह साठतं, तर तीनऐवजी पाच आठवड्यांनी चढवा. हा सल्ला कृपा करून ऐकू नका. माझी लेक थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनच्या आजारामुळे तिला नियमित रक्त चढवावं लागतं; आता ती 19 वर्षांची आहे. ती पाच वर्षांची असताना आम्ही नेमकं हेच केलं होतं.

हिशेब वरवर पटतो. एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि एवढं बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. पण एचबी (हिमोग्लोबिन) सातवर येऊ दिलं की हाडांतली अस्थिमज्जा जीव तोडून रक्तपेशी बनवायला लागते, त्यातल्या बहुतेक निकामीच. मग आतडं अन्नातलं लोह नेहमीपेक्षा जास्त ओढून घेतं. शिवाय गालाकपाळाची हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते, उंची खुंटते. त्या दिवसांत लेक जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची, ते अजून डोळ्यासमोर आहे. रक्त चढवण्याआधीचं एचबी साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास राहील असं वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि ते पाळा.

लोह काढायचं काम औषधाचं. आमच्याकडे अडचण पेल्याच्या तळाशी होती. गोळी पूर्ण विरघळत नाही, गाळ राहतो, आणि तो गाळ म्हणजे औषधच. त्यात पुन्हा थोडं पाणी घालून, हलवून तेही पाजा. ही गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी किमान अर्धा तास. दुधात घालू नका. तरीही जमत नसेल तर याच औषधाची कोटिंगवाली गोळी मिळते, ती कुटून मऊ अन्नावर टाकता येते. मात्र तिचा डोस वेगळा आणि कमी असतो, त्यामुळे बदल डॉक्टरांनीच करायचा. दुसरं, डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं आणि गोळी तीच राहिली, असं सर्रास होतं. शेवटचं वजन कधी केलंत?

एका आकड्याने खचू नका. तापात किंवा संसर्गात फेरिटिन उगाच चढतं, म्हणून दर तीन महिन्यांचे आकडे एका वहीत लिहून कल बघा. हृदयातलं लोह मात्र फेरिटिनवरून कळत नाही. त्यासाठी साधारण दहाव्या वर्षापासून टी-टू-स्टार एमआरआय करतात.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), यकृताच्या चाचण्या आणि लघवीतलं प्रोटीन दर महिन्याला तपासा, रक्ताच्या दिवशीच नमुना देता येतो. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून औषध थांबवायचं का ते विचारा, कारण अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो.